नंबर पुकारल्याशिवाय उठू नये

२ ऑगस्ट १९५६
वरून सर्क्युलर आलंय, हर दफ्तर में आग से बचाव का बंदोबस्त. बक्षीसाहेबांनी मला आत बोलावलं. म्हणाले, टिल्लूजी, ये आप ही सँभालिए. बाकीच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली! हेडक्लार्क असून आजवर मला कुणी मानलं नाही. नोव्हेंबरात मध्यभारत राज्य संपणार, कचेरी भोपाळला जाणार, कुणाला नेतील अन् कुणाला नाही, देव जाणे. माझी तरी काळजी मिटली.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून प्लॅन लिहायचा.

५ ऑगस्ट, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. आज रविवार. शिवाय मेहुणा आलाय, कुसुमचा भाऊ. पाहुण्यासमोर सरकारी काम बरं दिसत नाही.

९ ऑगस्ट
प्लॅन तयार. एकदम फर्स्टक्लास! वरच्या मजल्यावर तेवीस माणसं, जिना एकच, तोही अरुंद. म्हणून प्रत्येकाला नंबर. शिट्टी झाली की खुर्चीत बसून राहायचं, नंबर पुकारल्याशिवाय उठायचं नाही. चेंगराचेंगरीचा प्रश्नच नाही. एक नंबर माझा, कारण खाली उभं राहून पुकारायला जबाबदार माणूस हवा. तेवीस नंबर मधुकरचा. आमचा रेकॉर्डकीपर. एक पाय अधू, काठी टेकत उतरतो, त्याच्यामागे सगळे अडकतील. त्याला समजावून सांगितलं. तू म्हणतोस तर ठीकच असेल, म्हणाला. वीस वर्षं एका टेबलावर डबा खातोय आम्ही.
कुसुमनं विचारलं, खालून पुकारलेलं वर ऐकू येईल का? बायकांना ॲडमिनिस्ट्रेशन कळत नाही.

१३ ऑगस्ट, सोमवार
पहिली ड्रिल. फजिती. आज महाकालाची सवारी, हे माझ्या ध्यानातच नाही. चार वाजता शिट्टी वाजवून खाली आलो, तर लोकांना वाटलं सुट्टी झाली. छत्र्या, डबे घेऊन सगळे एकदम जिन्यावर, अन् तसेच पळत पालखीच्या दर्शनाला. मी आपला खाली उभा राहून चार, पाच, सहा ओरडतोय. वर जाऊन बघतो तर मधुकर एकटा खुर्चीत. म्हणाला, दत्तू, अजून माझा नंबर कुठे आलाय? इतके हसलो दोघं, डोळ्यांत पाणी आलं.
मग आम्हीही निघालो. त्याच्या चालीनं पोचेपर्यंत पालखी पुढे गेली होती. तो म्हणाला, जाऊ दे रे, बँड तर ऐकला.

४ सप्टेंबर
वाळूच्या आठ बादल्या आल्या होत्या. तीन बादल्यांत लोक पान थुंकतात. चार गायब. चोर आहेत साले! आठवी मी घरी आणली, तपासणीसाठी. कुसुमनं तिच्यात तुळस लावली. आता तुळस कशी उपटणार?

२९ सप्टेंबर
दुसरी ड्रिल राहिली. साहेब दौऱ्यावर, मला पडसं. मनातल्या मनात घेऊन पाहिली, चार मिनिटांत तेवीसच्या तेवीस खाली. रिपोर्टात तेच लिहून वर पाठवलं.

१५ ऑक्टोबर
भोपाळसाठी रेकॉर्ड बांधणं चालू. जिकडेतिकडे खोकी, पेंढा, सील करायला लाख अन् मेणबत्त्या. मधुकर म्हणाला, माझं टेबल खाली टाक ना, या पेंढ्याची भीती वाटते. त्याला म्हटलं, अरे बाबा, वरचा आकडा तेवीस म्हणून रिपोर्ट गेलाय. तू खाली आलास तर बावीस होतील, मी काय उत्तर देऊ? काठी टेकत तो टेबलाकडे परतला. थोडा उतरला चेहरा. भोपाळला गेल्यावर नक्की खाली बसवीन.

२२ ऑक्टोबर

दुपारी तीनला मेणबत्ती कलंडली, पेंढा पेटला. धूरच धूर. मी शिट्टी वाजवली अन् खाली आलो. पहिला. प्लॅनप्रमाणेच. माझ्यामागून सगळे धावत आले, नंबरासाठी कुणी थांबलं नाही. मला पुकारायचं होतं. तोंडातून आवाज फुटेना. रस्त्यावर मोजले, मला धरून बावीस. पुन्हा मोजले.

२३ ऑक्टोबर
चक्रतीर्थाच्या स्मशानातून आलो. आग मधुकरपर्यंत गेलीच नव्हती. धुरानं गेला. बंबवाले सांगत होते, खुर्चीतच होता, काठी हातात, जिना दहा पावलांवर. लोक म्हणतात, पायानं घात केला बिचाऱ्याचा. मीही तेच म्हणालो. साहेबांना लेखी दिलं.
जेवण गेलं नाही.

४ नोव्हेंबर
मधुकरचं तेरावं काल झालं. मला भोपाळची ऑर्डर आली, बंदोबस्ताबद्दल शाबासकीसकट. ती खिशात घालून आज मधुकरच्या घरी विनोदिनीवहिनींना भेटायला गेलो.
त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, भाऊजी, एक विचारू? पाय अधू होता हे खरं, पण रोज तोच जिना चढत-उतरत होते ना? मग उठले का नाहीत हो?
पायाचंच सांगणार होतो. तोंडपाठ झालंय आता. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, अन् मला रडू फुटलं. म्हणालो, वहिनी, मी पुकारीन म्हणून थांबला तो. माझ्यावर भरवसा ठेवून बसला. मी पुकारलंच नाही.
वहिनी उठल्या. रिकामा पेला उचलून आत गेल्या. येतील म्हणून मी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आतल्या दाराला कडी लागली.