अक्षयच्या ड्राइव्हला कुलूप

१० फेब्रु., सोमवार
फोटोच्या दुकानात उदबत्ती लावते न लावते तोच स्टेशनकडच्या आक्का अल्बम घेऊन हजर. नातीच्या, कविताच्या लग्नाचा. डिसेंबरात लग्न झालं, सावद्याला दिली. मला वाटलं एखादं पान सुटलं असेल. आक्कांनी मामा-मावश्यांच्या ग्रुप फोटोवर बोट ठेवलं. "बठ्ठा आपलाच शेतस. हाऊ पोऱ्या कोन शे?"

बाकी सगळे घरचेच, मग हा पोरगा कोण? मागच्या रांगेत, कडेला. आकाशी शर्ट. हसतोय.

आमचा अक्षय. गेल्या श्रावणात मोटारसायकलवरून पडून गेला, तो. डिसेंबरातल्या लग्नात.

दुसरा फोटो मिसळला असेल, बघते, असं काहीतरी बोलले. आक्कांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "तुना पोऱ्यासारखा दिखस," एवढंच म्हणाल्या आणि अल्बम ठेवून गेल्या.

११ फेब्रु.
ह्यांना विचारलं. नाकारलं नाही. स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "मागे जागा रिकामी होती. ग्रुप तुटक दिसत होता."

म्हटलं, अहो, मुलगा आहे का फुलदाणी?

तर म्हणाले, "तो कायम कॅमेऱ्यामागे. एवढी लग्नं केली, एकात तरी दिसला का? एका तरी लग्नात दिसू दे."

ह्या माणसाने जन्मभर लग्नाच्या फोटोतून गेलेल्यांचे चेहरे कापून दहाव्यासाठी मोठे करून दिले. कुणाचे आजोबा, कुणाची बहीण. मागची गर्दी पुसायची, फेटा सरळ करायचा, हाराला जागा ठेवायची. अख्खं दोंडाईचा त्यासाठी आमच्याकडे येतं. आता उलटं चाललंय. भीती वाटली. हे शांत होते म्हणून जास्त.

१३ फेब्रु., गुरुवार
घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. अल्बम दोन छापतो, एक माहेरी, एक सासरी. सावद्याचा मी विसरलेच होते. कविताचा फोन. दबक्या आवाजात, बहुतेक न्हाणीतून.

"काकू, पुढच्या पानावर तो माझ्या खुर्चीशेजारी उभा आहे. सासूबाई विचारतात कोण आहे. मी म्हणते माहीत नाही. सांगा, हे कुणाला खरं वाटेल? हे तर बोलतच नाहीत माझ्याशी."

आक्कांकडच्या अल्बममध्ये ते पान मी पाहिलंच नव्हतं. आता उघडलं. नवरीच्या खुर्चीवर हात ठेवून उभा. सावलीसुद्धा बरोबर पाडलीय ह्यांनी, इतरांची जिकडे तिकडेच.

ह्यांना सांगितलं. तोंड उतरलं. "मी तर फक्त..."  सावद्याला मीच जाणार. ह्यांना पाठवलं तर तिथेही काहीतरी बोलून बसतील.

१५ फेब्रु., शनि.
सावदा झालं. काय दिवस गेला.

नुसतं तोंडी कोण ऐकतं? भिंतीवरचा फोटो काढला, हारासकट. टॉवेलात गुंडाळून पिशवीत. रेल्वेने भुसावळ, पुढे एसटी. पिशवी मांडीवर घट्ट. शेजारच्या बाईने विचारलं, देव आहे का? मी हो म्हणाले.

कविताची सासू करारी, पण पाणी आधी दिलं. मी टॉवेल सोडला. अल्बममधला अक्षय आणि हारातला अक्षय शेजारी शेजारी ठेवले. आधी बाईचा चेहरा सैल पडला. मग हार दिसला तशी मागे सरकली.

"माय माय! हा त गेलेला हाये? मंग लगनात कसा आला?"

सगळं सांगितलं. वेड्या बापाचं काम आहे, पोरीचा दोष नाही, हात जोडते. कविताचा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने मान खाली घातली, आत जाऊन तिला हाक मारली. तेवढ्यासाठीच मी गेले होते. ते झालं.

पण अल्बम घरात नको, म्हणाली सासू. नव्या संसारात मेलेल्याचा फोटो. माझ्यासमोर पदर डोळ्याला लावला आणि माझ्याच मुलाला दाराबाहेर न्यायला सांगितलं. तिचंही चूक नाही. तिच्या जागी मी काय केलं असतं? येताना पिशवी दुप्पट जड. घरी येऊन खूप रडले.

१७ फेब्रु., सोम.
शकीलभाईंना बोलावलं. गावातले बरेच कॉम्प्युटर त्यांच्याच हातचे. म्हटलं, हे असं करा की गिऱ्हाइकांचे फोटो ह्यांना उघडता येतील, पण ई ड्राइव्ह उघडणार नाही. ई म्हणजे अक्षयचा. त्याचे सगळे फोटो, लहानपणापासूनचे.

"डिलीट नको ना, भाभी?"

नको. मी जवळजवळ ओरडलेच.

मग गंमत. आजवर सगळे एकाच नावाने बसायचे. दोघांची वेगळी अकाउंट करायला गेले तर कॉम्प्युटर म्हणतो, परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा. शकीलभाई म्हणाले, "ॲडमिन कोण आहे?"

अक्षय. त्यानेच मशीन बसवलेलं. आमचं रोजचं त्याने बिनपासवर्डचं ठेवलेलं, पण ॲडमिनचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही.   मग शकीलभाईंनी पेनड्राइव्ह लावून काहीतरी केलं आणि तो पासवर्ड काढून टाकला. माझ्या डोळ्यांदेखत. आता ॲडमिन मी.

पुढचं सोपं. ई वर उजवं बटण, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. वर नावं, खाली चौकटी. ह्यांच्या नावापुढे 'डिनाय', म्हणजे मनाई. शकीलभाई म्हणाले, "टिक तुम्हीच करा. डिनाय सगळ्यांवर भारी असतो, बाकी कितीही परवानग्या असू द्या."

केली. 

जाताना त्यांनी विचारलं, अक्षयचं अकाउंट काढून टाकू? राहू द्या म्हटलं, पासवर्ड तेवढा मी नवा टाकला. आता कॉम्प्युटर लावला की तीन गोल येतात. माझा, ह्यांचा, अक्षयचा.

१८ फेब्रु.
ह्यांना कळलं. एकदा क्लिक केलं, पुन्हा केलं. चहाला बाहेर गेले. मला वाटलं, सुटले.

दु. जेवताना ताट सरकवलं. "माझ्या मुलाला भेटायला तुझी परवानगी लागणार?"

मी म्हटलं, हो, लागणार. कविताचा संसार मोडता मोडता राहिला. ते म्हणाले, "तू आई आहेस ना त्याची?"

 भाकरी तशीच राहिली दोघांची.

२५ फेब्रु., मंगळ.
हे बरे आहेत. खरंच. पिंपळनेरच्या हळदीची ऑर्डर घेतली, गिऱ्हाइकाशी थट्टा केली. दाढी रोज करतात. मला मेलीला बरं वाटायला हवं.

अजून कुणाच्या अल्बममध्ये तो गेलाय का, हे बघायला हवं होतं. म्हणून ई उघडला. ह्यांनी केलेलं सगळं तिथेच साठवलेलं. छापलेलं बाकी काही नाही, एवढं कळलं. तिथेच बंद करायला हवं होतं.

पण ह्यांनी त्याला मोठा केलाय. पुढच्या पुढच्या फोटोत मिशी दाट. खांदे भरलेले. एकात चष्मा, ह्यांच्यासारखा. एका फोटोत मुंडावळ्या बांधून पाटावर बसलाय, शेजारचा पाट रिकामा. इतका खरा की मला वाटलं, आता वर बघेल.

३ मार्च
पुन्हा बघितलं. तपासायला, असं मनाला सांगितलं. शेवभाजी आटून तळाला लागली. काउंटरवर एक बाई दहाव्याच्या फोटोसाठी उभी होती म्हणे, हाका मारून निघून गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

चष्मा त्याला शोभतो.

६ मार्च, गुरु.
आजही. त्या रिकाम्या पाटावर कोण बसेल, याचा विचार करत होते. कुठल्या तरी लग्नातली गोरी, बारकी, हसरी मुलगी. लग्नांचे फोटो ठेवलेल्या डी ड्राइव्हमध्ये शोधायलाही लागले होते. गिऱ्हाइकांच्या मुली. मी!

हे मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. रागावलेले नव्हते. खांद्यावर हात ठेवला. फोटोकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"माझं तू बंद केलंस, बरं केलंस. तुझं कोण बंद करणार?"

सं. शकीलभाईंना फोन लावला. सांगायचं ठरवून लावला होता: या, ॲडमिन तुम्ही व्हा, माझ्या नावापुढेही टिक करा, पासवर्ड मला सांगू नका. ते म्हणाले, "बोला भाभी."

मी म्हटलं, प्रिंटरची शाई संपत आलीय, जमेल तशी आणून द्या.