जागेवर न जाता केलेला पंचनामा

केज
३ डिसेंबर २०२४

ती. मुक्ताअक्का,

नवनाथचा जयभीम. तुझा गुडघा काय म्हणतोय आणि कानाचं मशीन लावतीस का डबीतच ठेवलंय, ते आधी कळव. फोनवर तुला ऐकू येत न्हाई, आणि सूनबाई फोनचा आवाज मोठा करून सगळ्या ओसरीला ऐकवती. म्हणून पत्र लिहितोय. हे तू एकटीनंच वाच.

थंडी यंदा लई हाय. मागच्या साली डॉक्टरनं साखर सांगितली आणि तुझ्या रिटायर तलाठी भावानं पळायला सुरुवात केली, हे तुला मालूम हायच. आता मला त्याचं याड लागलंय. सकाळी साडेपाचला कानटोपी, मफलर आणि आमच्या पोरानं, पवननं पुण्याहून पाठवलेले बूट घालून निघायचं. चौकात मोहनराव उभे असतात. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता माझ्याबरोबर पळतात. धारूर रस्त्यानं तीन किलोमीटर जायचं, तीन यायचं. पहिल्या किलोमीटरला दात वाजतात, नाक गळतं, बोटं कुणा दुसऱ्याची वाटतात. मग अंग गरम होतं आणि मफलर कमरेला येतो. ज्वारी पोटरीला आलीय, हरभऱ्यावर दव असतं, आणि आमी दोघं तोंडातून वाफ सोडत चाललेलो. मोहनराव पळतानासुद्धा बोलतात, मी नुसतं हं हं करतो. साठीला टेकलेल्या माणसाला सकाळी उठायची एवढी ओढ लागंल असं कधी वाटलं न्हवतं.

परवा पळताना तू आठवलीस. आपल्या गावच्या शाळेच्या मैदानावर अनवाणी पळायचीस, ते. असो, ते जाऊ दे.

एक गोष्ट लिहू का नको, असं चार दिवस चाललंय. घरात माझ्यामागं काहीतरी होतंय. मागच्या मंगळवारी मी पळून आलो, बूट काढून पलंगाखाली सरकवले, तर तिथं माझे जुने बूट ओले. वर्षभर त्यांना कुणी हात लावला न्हाई. त्यांच्या तळाला काळी माती आणि नाड्यांत कुसळं. मायाला, माझ्याच बायकोला, इचारलं न्हाई. ती चहा टाकत होती. आंघोळ झालेली, केस ओले. एवढ्या थंडीत साडेसहाच्या आत डोक्यावरून आंघोळ कावून करावी बाईमाणसानं?

छत्तीस वर्षं पंचनामे केले, ती नजर काही जात न्हाई. तू मनाला लावून घेऊ नको. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा
नवनाथ


केज
१२ डिसेंबर २०२४

अक्का,

सहा तारखेला आमी सगळे पुतळ्यापाशी गेलतो. माया पांढऱ्या साडीत माझ्या शेजारी उभी होती, आणि माझं वंदनेत ध्यान न्हवतं. मी तिच्या पायाकडं बघत होतो. टाचेला पट्टी लावलेली. नव्या चपलीनं घासलं म्हणाली. नवी चप्पल घरात कुठंय?

तुला सगळं क्रमानं सांगतो. नोकरीतली एक डायरी कोरी उरली होती, तिच्यात मी तारखेवार लिहितोय. जुने बूट चार वेळा ओले. तिच्या स्वेटरला शेकोटीचा वास, आपल्या घरी तर गॅस हाय. डब्यातला गूळ आणि शेंगदाणे रोज मूठभर कमी होतात. आणि मी घरी आलो की ही आधीच आंघोळ करून बसलेली. मी साडेपाचला दाराबाहेर पडतो आणि पावणेसातला येतो, हे तिला पक्कं ठाऊक हाय. म्हणजे सव्वा तास घर तिचं.

शनिवारी मोहनराव पळता पळता म्हणाले, "काल मी पळायला आलो न्हवतो ना, तवा सकाळी वहिनी कापसाच्या जुन्या जिनिंगकडं दिसल्या. तिकडं कोण नातेवाईक हाय का तुमचं?" मी म्हणलं, हाय की. एवढं खोटं बोललो आणि पुढचे दोन किलोमीटर मला रस्ता दिसला न्हाई.

मग सोमवारी मी निम्म्यातनंच परत फिरलो. मोहनरावांना पोटाचं कारण सांगितलं. आमच्या गल्लीच्या तोंडाला पानटपरी हाय, तिच्या आडोशाला उभा राहिलो. थंडीनं हात काखेत धरले होते. सव्वासहाच्या सुमाराला मोटारसायकल आली. मागं माया. सलवार-कमीज, डोक्याला स्कार्फ. बावन्न वर्षांची माझी बायको उतरली, हसून काहीतरी बोलली आणि घराकडं गेली. मोटारसायकलवाला परमेश्वर नावाचा हाय, इथल्याच एका शाळेत खेळाचा मास्तर. पस्तिशीचा असंल.

मी घरी आलो. ती म्हणाली, "आज लवकर आलात?" मी म्हणलं, हो, थंडी लई हाय. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. आवाज रोजच्यासारखाच. एवढ्या सराईतपणे खोटं वागता येतं का माणसाला?

मागच्या थंडीत एकदा ती म्हणाली होती, मी पण येऊ का पळायला. मी हसलो होतो. मोहनरावांपुढं साडी खोचून पळणार का, म्हणलं. परत तिनं तो विषय काढला न्हाई. त्याचा याच्याशी काही संबंध न्हाई, आठवलं म्हणून लिहिलं.

तिला मी काहीच बोललेलो न्हाई. इचारलं की माणूस सावध होतं, हा माझा नोकरीतला अनुभव. म्हणून सरळ अंबाजोगाईला तिच्या भावाला, प्रविणला फोन केला. बहिणीला समजावून सांग, न्हाईतर घेऊन जा, एवढंच म्हणलं. तो बावीस तारखेला, रविवारी येतोय. त्याच्यापुढं डायरी ठेवणार. तीस वर्षांचा संसार हाय अक्का, तो मोडायला मला हौस न्हाई, पण मी आंधळाही न्हाई.

तुला काय वाटतं ते दोन ओळीत कळव. तू आमच्यात मोठी.

तुझा
नवनाथ


केज
१३ जानेवारी २०२५

मुक्ताअक्का,

तुझं पत्र एकवीस तारखेलाच मिळालं. उत्तराला तीन आठवडे लावले, त्याचं कारण पुढं येईल. पाकीट फोडलं तर आत वहीच्या कागदावर एवढंच. "नवनाथ, तिला इचार. मला कुणी इचारलं न्हवतं."

ते वाचून मी कागद खिशात घातला. प्रविणला फोन लावला, येऊ नको म्हणायला. तो म्हणाला, दाजी, उद्याच्या सकाळच्या गाडीनं निघतोय, आईला दोन दिवस झोप न्हाई. मग मी त्याला नको म्हणू शकलो न्हाई. आणि खरं लिहू का, म्हणायचं मनातही न्हवतं. डायरी तयार होती.

रविवारी प्रविण आला. पाणी प्यायला, पण बहिणीच्या तोंडाकडं बघंना. मायानंच इचारलं, "काय झालं? आई बरी हाय ना?" त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डायरी काढली आणि वाचली. तारीख, वेळ, बूट, कुसळं, गूळ, मोटारसायकल. माझा आवाज तहसीलमध्ये वाचायचो तसाच निघत होता. माया भिंतीला टेकून ऐकत होती.

प्रविण म्हणाला, "दाजी, तुमी काय बघितलं ते सांगा. डोळ्यानं."

हाच सवाल आपल्या वडलांनी, आण्णांनी मला केला होता अक्का. तुझ्या वेळी. तेव्हाही हाच शब्द, डोळ्यानं. माझ्या खिशात तुझा कागद होता. मी म्हणलं, "मोटारसायकल बघितली. बाकी माझ्या मनानं लिहिलंय."

माया तेव्हा बोलली. "तलाठी होतात ना तुमी? शेतात पाय न ठेवता घरी बसून पंचनामे करणाऱ्यांना तुमीच शिव्या द्यायचात. उद्या जिनिंगवर या. जागेवर." आणि भावासाठी भाकरी टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी गेलो. जुन्या जिनिंगच्या मोकळ्या पटांगणात बारा-तेरा जणी होत्या. बहुतेक पोरी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, त्यात आमच्या शेजारची पंचशीला, आणि तीन-चार मायाच्या वयाच्या बाया. कडेला शेकोटी. पोरी गूळ-शेंगदाणे खात होत्या. ते आमच्या डब्यातले होते. परमेश्वर शिट्टी घेऊन उभा. "काकू, हात सैल सोडा, मुठी आवळू नका," असं तो माझ्या बायकोला ओरडून सांगत होता. माझे जुने बूट तिला मोठे होतात, म्हणून तिनं पुढं चिंध्या कोंबल्या होत्या. त्यानंच टाच सोलली होती. गल्लीतली कुत्री दोनदा मागं लागली, म्हणून मास्तर तिला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायचा. सगळं एवढंच. मी तिथं उभा राहिलो आणि मला थंडी वाजत न्हवती, घाम आला होता.

प्रविण रविवारीच न जेवता गेला. माझ्या पाया न पडता गेला. माया घरातलं सगळं करती, वाढती, दिवसाला पाच-सहा शब्द बोलती. मी बाजारातून तिच्या मापाचे बूट आणले. खोकं आठ दिवस तसंच पडून होतं. मग एके दिवशी बघितलं तर खोकं रिकामं होतं.

काल इथं पाच किलोमीटरची दौड होती. ह्या थंडीत चारशेच्या वर माणसं आली, शेवटी सगळ्यांना हुरडा होता. मायानं आपलं नाव मला न सांगता दिलेलं. मी आणि मोहनराव पुढं पळत होतो. छान ऊन पडलं होतं, पाय हलके होते, ह्या हंगामातला माझा सगळ्यात चांगला दिवस. चौथ्या किलोमीटरला कुणीतरी डाव्या बाजूनं पुढं गेलं. माया. माझ्याकडं न बघता, हात सैल सोडून. मोहनराव म्हणाले, "तलाठी, वहिनींनी टाकलं की तुमाला."

तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते तुला सांगतो. हिनं मधूनच कुठूनतरी आडवाट घेतली असणार. माझ्या डोळ्यासमोर पळणारी बाई, तिच्या पाठीला घाम फुटलेला, आणि मी तिच्यावर शक घेत होतो. छातीत जाळ उठला होता. दमाचा न्हवता तो. तो जाळ मला ओळखीचा होता. मी पळायचा थांबलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. माणसं जात होती, कुणी इचारत होतं, काका, चक्कर आली का.

अक्का, आता ते लिहितो. चव्वेचाळीस वर्षं झाली. तू सोळाची, मी चौदाचा. तालुक्याला तू पहिली आलतीस आणि बीडला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं ठरलं होतं. त्या आठवड्यात मास्तरनं आपल्या शाळेतल्या सगळ्यांना एकत्र पळवलं, पोरं आणि पोरी. तू मला अर्ध्या मैदानानं मागं टाकलंस. पोरं मला महिनाभर चिडवत होती, बहिणीच्या मागं पळणारा म्हणून. हरलो त्याच दिवशी दिवेलागणीला मी आण्णांना सांगितलं की अक्का मैदानावर एका पोराशी बोलत बसती. आण्णांनी इचारलं, तू डोळ्यानं बघितलं? मी म्हणलं, बघितलं.

मी कुणालाच बघितलं न्हवतं. मैदानावर तू एकटी होतीस. रोज एकटीच असायचीस.

तू बीडला गेली न्हाईस. शाळा सुटली, उन्हाळ्यात तुला दिंद्रुडला दिलं. आण्णा मरेपर्यंत तुझ्याशी धड बोलले न्हाईत, आणि ते कावून, हे तुला कुणी सांगितलं न्हाई. मी सांगू शकत होतो. तलाठी झालो, तुझ्या पोरांच्या लग्नाला आलो, दर भाऊबीजेला तुझ्यासमोर पाटावर बसलो, तू ओवाळलंस आणि मी गप्प राहिलो. तुझ्या ओळीवरून आता वाटतंय की तुला ठाऊक होतं. ठाऊक असून ओवाळत होतीस का, हे मला इचारायचा धीर होत न्हाई.

काल घरी आल्यावर हे मी आधी मायाला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांना लिहा. आणि स्वतःला वाचवायला एक शब्द घालू नका त्यात." मी घातलेला न्हाई. पोर होतो, असंही म्हणणार न्हाई. चौदाव्या वर्षी मला खोटं काय आणि खरं काय, हे चांगलं समजत होतं.

तू बोलावलंस तर मी दिंद्रुडला येईन आणि तुझ्या पोरांसमोर, सूनबाईसमोर, सगळ्या ओसरीसमोर हे सांगेन. न्हाई बोलावलंस तर येणार न्हाई. ह्या भाऊबीजेलाही न्हाई.

तुझ्यावर खोटी साक्ष दिलेला,
नवनाथ