चौथ्या पॉइंटचा नंबर

३ जानेवारी
चार्जिंग स्टेशनची व्यवस्थापक म्हणून आज रुजू झाले. खाली चार पॉइंट, वर राहायला दोन खोल्या, खिडकीत भरपूर ऊन. पेसमेकर बसवल्यापासून बाबांना एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून तेही सोबत. जिना चढताना म्हणाले, "आता मीही बॅटरीवरच चालतो. मंद वाटलो तर मलाही लाव खाली." स्टेशनचा जुना वायरमन हसला. मग चौथ्या पॉइंटकडे वळून बघू लागला.

६ जानेवारी
विजेवरच्या गाड्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढल्या, वीज तेवढीच. रांग फाटकाबाहेर जाते. तरी वायरमन चौथ्या पॉइंटला गाडी लावू देत नाही. वायर आकड्यावर टांगलेली, गाडी नाही, आणि मीटर फिरतोच. विचारलं, तर म्हणाला, पहिल्या हिवाळ्यात इथे एकच पॉइंट होता. रांगेत एका बाईची बॅटरी संपली, हीटर बंद पडला, ती गाडीतच गारठून मेली. नंबर आलाच नाही. तेव्हापासून तिचा वाटा तिला देतात.

९ जानेवारी
रांगेत हमरीतुमरी. एका टॅक्सीवाल्याने विचारलं, हा पॉइंट देवाला सोडलाय का? त्याचं काय चुकलं? मेलेलीसाठी जिवंतांना ताटकळत ठेवणं कुठला न्याय? मी चौथा बंद केला, वीज उरलेल्या तिन्हींत वाटली. वायरमनने टेस्टर टेबलावर ठेवला आणि निघून गेला. रांग दुपारीच संपली. बरं वाटलं. वाटायला हवं होतं का?

१० जानेवारी
ऑफिसचं घड्याळ बंद. टॉर्च नव्या सेलनेही लागत नाही. पॉइंटला लावलेल्या गाड्यांची चार्जिंग वाढण्याऐवजी उतरतेय. बाबा म्हणतात, गार वाटतंय. उन्हात बसलेत, तरी.

११ जानेवारी, सकाळ
चौथा पुन्हा चालू केला. मीटर हलत नाही. ती बाई तिथे नाही, मग — माझा फोनही बंद पडलाय. बाबांची नाडी मध्येच थांबते. मोजण्यात माझी चूक असेल. असू दे.

दुपार
आमची गाडी पार उतरलीय. टॅक्सीवाल्याला विनवलं, तो बाबांना दवाखान्यात न्यायला तयार झाला. त्यांना आणायला वळले, तर —
चौथ्याच्या आकड्यावर वायर नाही. जिन्यावरून वर गेलीय. इतकी लांब नव्हती ती.
दार उघडत नाही. टॅक्सीवाला पहार आणायला धावला. मी पायरीवर. दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहितेय —
आत बाबा बोलताहेत. हळू, दमून आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं.
"बस, पोरी. किती ताटकळलीस. माझ्यात आहे अजून थोडी, ती —"