आबाजीच्या धोतराले मुंग्या

बोरी अरब, २० नोव्हेंबर २००५

चि. मारोतीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुले एक आजी आहे हे ध्यानात आहे, का तेही जिनिंगात कापसासंगं गाठीत दाबून टाकलं?

दिवाळीत तू आबाजीचं जुनं धोतर नेसला होता. तू गेल्यावर दोरीवर पाहिलं, तं समोरच्या भागाले मुंग्यायची रांग. अशी रांग मी एकदाच पाहिली, तुह्या आबाजीच्या मरायच्या साली. आबाजीही तुह्यावाणीच घडीघडी पाणी पेत, घडीघडी लघवीले उठत. मंग माह्याजवळ येणं सोडलं. भगत म्हणे, कमरेत बाहेरचं बसलं. त्यानं सात गाठीचा करदोटा बांधला. माणूस वाळत गेला, करदोटा ढिला होत गेला. शेवटी अंगठ्याची जखम चिघळली अन् संपलं.

तुह्या कमरेले सात गाठीचा करदोटा दिसला. ढिला होता.

डॉक्टरकडे जा, साखर तपास. बायकोपासून लपवतं तेही त्याले सांग. लाजतं कायले? हे पत्र कोण लिहून राह्यली, अक्षर पाहा.

तुही आजी (अंगठा)

पांढरकवडा, ६ डिसेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

अक्षर ओळखलं. निकिताचं.

भगत म्हणाला होता, बायकोजवळ गेलास तर तिलाही धरेल. म्हणून दिवाळी सोडली तर घरी येणं टाळलं. लघवीला जळजळ, अन् बाकीचं तर बंदच पडलेलं. काल साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसा मंद होतात, लघवीत जंतू वाढतात. पुष्कळ पुरुष हे लपवतात. जळजळ लवकर जाईल, बाकीचं सुधारायला वेळ लागेल. करदोटा कापला.

निकिता, ही ओळ आजीला वाचू नकोस. दुसरी कोणी नव्हती.

आपला मारोती

बोरी अरब, २८ डिसेंबर

चि. मारोतीस आशीर्वाद.

वाचता वाचता एका ओळीपाशी तुही बायको थांबली. म्हणे, शाईचा डाग आहे. मी अडाणी आहो, आंधळी नाही. तीळसंक्रांतीले ये, तिनं उंबरठा दोनदा सारवला.

धोतर धुऊन पेटीत ठेवलं. तरी मुंग्या रोज रिकाम्या दोरीवर येतात, त्याच जागी थांबतात. आबाजी गेल्यावर तेराव्यापर्यंत अशाच आल्या होत्या. तू जित्ता आहे, हे त्यायले कोण सांगन?

माया पातळ होऊ देऊ नको.

तुही आजी (अंगठा)

ता. क. गुळाची एक भेली पाठव. तुह्या वाट्याचा गूळ आता त्या मुंग्यायलेच चारीन.