नर्सिंग स्कूलला हवा धडधाकट पुरुष

७ सप्टेंबर १९६५
लढाई पेटली. फॅक्टरीत ओव्हरटाइम. शेजारच्या टेबलावरचा गुणवंत बातमी घेऊन आला. नर्सेसची बॅच घाईने तयार करताहेत, अ‍ॅनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला धडधाकट पुरुष हवाय. त्या बॅचमध्ये शैलजा आहे! रोज बस स्टॉपवर दिसते. अजून बोललो नाही, पण मनं जुळायला बोलावं कशाला लागतं? नाव दिलं. देशासाठी.
ठराव: दंड कमावणे. प्रॅक्टिकल झालं की लग्नाचं विचारणे.

९ सप्टेंबर, पहाटे
जोर मारले. पाच. दंडात फरक जाणवतो. बापूंना दिसत नाही, पण वडिलांना मुलाचं कधी काही दिसतं?

१२ सप्टेंबर
खांदा दुखावला. जोर बंद. छातीला तेल लावलं, मिशी कोरली. तेवढं पुरे.

१५ सप्टेंबर
घोटाळा. छाती फुगवून उभा राहिलो, तर शिकवणाऱ्या इंदिरा सिस्टर म्हणाल्या, पालथे झोपा. आजचा धडा: इंजेक्शन कुठे द्यायचं. पायजमा सैल करायला लावला. वर चादर, चादरीला खिडकी. शैलजाने जांभळ्या औषधाने माझ्या त्या भागाचे चार भाग पाडले. सिस्टरनी बजावलं, वरच्या बाहेरच्या भागातच सुई. चुकली तर नस दुखावते, पाय लुळा पडतो. मी तोंड उशीत खुपसून होतो. पण शैलजाचा हात हलका आहे. संसाराला आणखी काय लागतं?

१७ सप्टेंबर
जांभळा रंग निघत नाही. बसताना डाग पडतात. आई विचारते, "काहून रे?" म्हटलं, फॅक्टरीचं सिक्रेट आहे.

२२ सप्टेंबर
परीक्षा. पुन्हा पालथा. या वेळी सुई खरी. ओरडलो नाही. शैलजा पहिली आली. अर्धं श्रेय माझंच, तिलाही ते कळलं असणार.

२४ सप्टेंबर
काल लढाई थांबली. आज कडक इस्त्री करून नेपियर टाउनच्या बाजारात गेलो. शैलजा मैत्रिणींसोबत बांगड्यांच्या दुकानापाशी होती. नमस्कार केला. तिने नीट पाहिलं. ओळख नाही. म्हटलं, मी मुरलीधर, नर्सिंग स्कूलमधला. तिला वाटलं, फीचा क्लार्क. बाही सारून दंड दाखवला. तरी नाही. फार वाईट वाटलं. डोळे भरून आले. मान खाली घालून परत फिरलो. थोडा पुढे गेलो असेन, तोच मागून तिचा आवाज आला, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा:
"अच्छा, तुम्ही होय! मग आधीच वळायचं होतं ना जी."