आईकडून येतं

ता. ९, मंगळवार

चि. बंड्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघे आपले कुरकुरतात. तुझा सिनेमा पाहिला. हिरोची प्रार्थनेची टोपी सूपच्या वाटीत पडते, तिथे लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. शेजारची बाई म्हणाली, "कुठून सुचतं हो तुमच्या मुलाला?" मीही पोट धरून हसले. मग काय झालं कोण जाणे, रडूच आवरेना.

पण राजा, एक चूक राहिलीय. तुझ्या हिरोला चाळिशीत कळतं की आपला खरा बाप ज्यू होता, आणि तो स्वतःही लगेच ज्यू होऊन मोकळा होतो. तसं नसतं. ज्यूपण आईकडून येतं.

ही चूक वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी काढली. त्यांना दिसत नाही, म्हणून मी पेपर वाचून दाखवायला जाते. सिनेमाची गोष्ट सांगितली, तर ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण कच्चा. घरात विचारायला कुणी नव्हतं का त्याला?"

होतं रे. मी होते.

परवा त्यांची नखं कापताना विचारलं, मुलं किती तुम्हाला? "एकच मुलगी. लग्नाच्या दिवशी गेली." मी गेले नव्हते, बंड्या. तुझ्या बाबांशी, परधर्मातल्या माणसाशी, लग्न केलं होतं. माणूस वारल्यावर बसतात तसे माझे वडील माझ्या नावाने सात दिवस जमिनीवर बसले होते.

"मीच ती" हे अगदी ओठांवर आलं आणि मी गिळलं. ते पुन्हा नाही म्हणाले, तर मला परत मरायला जमणार नाही.

तुझे बाबा म्हणायचे, मोठा झाला की सांगू. तू मोठा झालास आणि मला धीर होईना. रागाव हवं तर, पण आधी ये.

डॉक्टर म्हणतात, तुझ्या आजोबांचे आता फार दिवस नाहीत. त्यांच्यामागे घरच्या पुरुषानं म्हणायची एक प्रार्थना असते आणि त्यांना तू सोडून कुणी नाही. शूटिंग ठेव बाजूला. त्यांच्या उशाशी बस, हात हातात घे, नातू म्हणून सांग. ते विचारतील, "कुणाचा?" तेव्हा माझं नाव घे. मी खोलीतच असेन. त्यांनी हात सोडवून घेतला, तर मला काही सांगू नकोस, मला दिसेलच.

तुझी आई,
त्यांच्या लेखी कै.