तुझ्या पलंगामागची निळी भिंत

प्रिय फर्गस,

शनिवार, बारा जुलै, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. तुझ्या झोपायच्या खोलीत, घर घ्यायला आलेल्या त्या तरुण जोडप्यासमोर आणि तुझ्या एजंटबाईसमोर, तू माझ्या मुलीला म्हणालास, "ते खेळणं बंद कर आणि चालती हो. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!" अरे, वासे मोजणं हे ओर्लाचं कामच आहे. घरं विकली जाण्याआधी ती तपासते. तेवढ्यावर थांबला असतास तर मी शाई वाया घालवली नसती. आपल्या घरात रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतरच्या चहाला याहून वाईट बोलणी झाली आहेत. पण सोमवारी तू तिच्या मालकांना लेखी कळवलंस, की या मुलीला भिंतींची उष्णता टिपणारा कॅमेरा वापरता येत नाही आणि तिनं मामावरचा घरगुती राग काढला. त्यांनी तिला घरी बसवलंय. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या नोकरीचं काय ते ठरेल.

आणि तिला बोलावलं कोणी? तूच. ते जोडपं घर तपासायला दुसरा माणूस शोधत होतं, तर तू म्हणालास, "माझी भाची आहे ना, तिच्यासारखं डनीडनमध्ये कोणी नाही." मला मात्र फोनवर हसत सांगितलंस, "घरचंच माणूस आहे, सांभाळून घेईल." ओर्लानं तुला आधीच बजावलं होतं, "मामा, मी आले तर जे दिसेल तेच लिहीन." जोडप्यालाही तिनं नातं सांगितलं होतं. तू ऐकलंस, पण ते तुझ्या डोक्यात शिरलं नाही. लहानपणापासून तुझं तेच.

बरं, तू त्या दिवशी काय करून ठेवलं होतंस! या गावात जुलैच्या थंडीत घर दाखवणारा प्रत्येकजण जे करतो तेच, फक्त दुप्पट. पहाटेपासून हीटर पूर्ण जोरात, शेगडीत लाकडं, ओव्हनमध्ये स्कोनचे गोड पाव. येणाऱ्यानं दारातच कोट काढावा आणि "किती उबदार, किती कोरडं घर" म्हणावं, एवढ्यासाठी. वर पलंगामागच्या भिंतीला ताजा पांढरा रंग. बाहेर गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं. फर्गस, त्या कॅमेऱ्याला नेमकं हेच लागतं! आत ऊब, बाहेर गारठा. इतर ठिकाणी ओर्लाला लोकांच्या विनवण्या कराव्या लागतात, की बाबांनो, आदल्या दिवसापासून घर तापवून ठेवा. आणि आपली माणसं कशी, हीटरचं बटण दाबण्यापेक्षा दुसरा स्वेटर चढवतील. तू मात्र न मागता सगळं ताटात वाढून ठेवलंस. लबाडी करायची तर निदान तिला उपयोग होणार नाही अशी तरी करावी.

मी तुझ्या बायकोला, उनाला, स्वयंपाकघरात मदत करायला आले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. ओर्ला खोलीच्या मधोमध उभी राहून कॅमेरा हळूहळू फिरवत होती. पडद्यावर भिंती पिवळ्या, नारिंगी, अगदी पिकल्या जर्दाळूसारख्या. आणि मग खिडकीचा कोपरा आला. तिथून खाली, थेट पलंगाच्या उशापर्यंत, कोणी दौत सांडावी तसा निळा डाग. नुसत्या डोळ्यांना तिथं तुझा पांढरा रंगच दिसत होता. तिनं दोन सुया असलेलं ते ओल मोजायचं यंत्र काढलं, भिंतीला जागोजागी टोचलं, आकडे बघितले. त्या जोडप्यातल्या मुलीनं विचारलं, "हा कॅमेरा भिंतीच्या आतलं बघतो का?" तर ओर्ला म्हणाली, "नाही हो, भिंतीच्या अंगावरचा गारठा बघतो. गारठा का आहे ते आपण शोधायचं." मग बाहेर जाऊन आली आणि अगदी हळू आवाजात तुला म्हणाली, "मामा, खिडकीच्या डोक्यावर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टीच नाहीये."

ती खोली तू स्वतः वाढवलीस, ती खिडकी तू स्वतः बसवलीस. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या माणसाला ते केवढं झोंबलं असेल, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पण झोंबलेल्या माणसानं कण्हावं, चावू नये.

तिला पहिला हातोडा कोणी दिला, आठवतं? मी म्हणत होते पियानो. तू तिला छपरावर चढवलंस आणि चर्चच्या दारात सगळ्यांना सांगत सुटलास, "ही पोरगी माझ्याहून चांगली निघेल." निघाली! आम्हाला शाळेत सिस्टर अलॉयशसनी पट्टीनं बोटं झोडून खरं बोलायला शिकवलं, तरी माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली आज सराईत खोटं बोलतात. ओर्लाला कोणी झोडलं नाही. ती अहवालात "दिसलं" वेगळं लिहिते आणि "वाटतं" वेगळं. तू खोलीभर ओरडत असतानाही शेवटची भिंत पुरी करूनच ती निघाली. मी हातात पिठाचं फडकं घेऊन दारात उभी होते आणि मला इतका अभिमान वाटला, की तुला थोबाडीत मारायचंसुद्धा राहून गेलं.

आता हे पत्र कशासाठी ते. तुला वाटतंय, उना रविवारपासून टिमारूला बहिणीकडे आहे. ती माझ्या मागच्या खोलीत आहे. तू दार आपटून गेल्यावर तिनं ओर्लाला एवढंच विचारलं, "ते माझ्याच उशामागे आहे ना?" तीन हिवाळे ती खोकतेय आणि तू म्हणतोस, तिच्या माहेरचंच छातीचं दुखणं आहे. असेलही, डॉक्टर बघतायत, मी डॉक्टर नाही. पण काल ती रात्रभर न उठता झोपली. आत्ता ती माझ्या शेजारी बसून टोस्ट खातेय आणि मी हे सगळं तिच्याच सांगण्यावरून लिहितेय. तिचं म्हणणं असं: तक्रार चूक होती, हे तू ओर्लाच्या मालकांना लेखी कळवायचंस आणि त्याची प्रत इथं द्यायचीस. नाहीतर ती स्वतः त्यांच्या कचेरीत जाऊन सांगेल, खिडकी कोणाची, भिंत कोणाची आणि खोकला कोणाचा. फोन करू नकोस; फोनवर तू ओरडतोस. आणि प्रत आणशील तेव्हा हत्यारांची पेटीही आण. ओर्ला म्हणते, ती घरी बसलीच आहे, तुझ्याबरोबर भिंत उघडायला येईल. मामाला एकट्याला ती खिडकी उतरवणं जमणार नाही. लेखी उत्तर, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत.

तुझीच थोरली बहीण,
ऑनर